माळावरचं अक्षर

त्याचा पत्ता सातबाऱ्यावर लिहावा इतका नेमका आहे. गुणसूत्र आठवं, लांब भुजा, पट्टा चोवीस. टोकापासून मोजत निघालात तर साधारण तेरा कोटी अक्षरं मागे टाकल्यावर ते भेटतं. एवढी पायपीट करून पोचल्यावर मात्र तिथे बघण्यासारखं काही नाही. घर नाही, दुकान नाही, वर्दळ नाही. दोन्ही अंगांना लाखो अक्षरांचा उजाड पसारा. जनुकशास्त्राच्या पुस्तकात अशा टापूला वाळवंट म्हणतात. मी वाळवंट पाहिलेलं नाही, माळ पाहिला आहे. म्हणून मी माळच म्हणतो.

या माळावर एक अक्षर बसलेलं असतं. माणसाचा सगळा वारसा ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला. एक प्रत आईकडून, एक बापाकडून, प्रत्येक प्रत सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. या विशिष्ट जागी बहुतेकांकडे ए असतो. काहींकडे जी. हे शब्दचित्र त्या जीचं.

त्याला धड नावही नाही. आरएस ५५७०५८५७ असा नंबर आहे, एसटीच्या गाडीला असतो तसा. ज्याच्या हद्दीत ते मोडतं त्या जनुकाला सीसीडीसी-२६ म्हणतात, पण तो मालकही कागदोपत्रीच. जनुकानं प्रथिन बनवावं अशी अपेक्षा, आणि याच्या खात्यावर एकही प्रथिन नाही. म्हणजे निरुद्योगी मालकाच्या पडीक रानात बसलेलं हे अक्षर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ते बदललं म्हणून नाक बदलत नाही, रंग बदलत नाही, नेहमीच्या रक्ततपासणीत काही उमटत नाही. ज्याच्या अंगात ते असतं त्याला जन्मभर पत्ता लागत नाही. आणि तरीही मोठ्या माणसांच्या मेंदूत होणाऱ्या एका जातीच्या गाठीशी त्याचं जे नातं आहे, तितकं घट्ट नातं एखाद्या एकट्या अक्षराचं एखाद्या कर्करोगाशी क्वचितच सापडतं.

माझी त्याची ओळख एका मित्राच्या दुखण्यातून झाली. अडतिसाव्या वर्षी त्याला झोपेत आकडी आली. तोवर साधी डोकं दुखण्याची तक्रार नव्हती. एमआरआय झाला, ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली, आणि रिपोर्टात असा एक शब्द आला जो घरात कुणालाच धड उच्चारता येईना: ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. त्यापुढे लिहिलं होतं, आयडीएच म्युटंट.

मित्राची आई फलटणजवळच्या खेड्यातली. फॉर्म भरताना डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाला असं काही? डॉक्टर उत्तर लिहून पुढच्या रकान्यात गेले. काकू त्या रकान्यातच राहिल्या. "आमच्याकडं कुणाला न्हाई हो हे," हे त्यांनी मला आठवडाभरात दहा वेळा तरी सांगितलं असेल. "ह्यांच्याकडं असंल तर ठाऊक न्हाई." मित्राचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्यावर आलेला आळ त्यांना नाकारताही येत नव्हता. मला वाटलं, कुणीतरी वाचून बघायला हवं.

या अक्षराचा माग पहिल्यांदा लागला २००९ साली, आणि तोही शेजारच्या घरात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधले संजय शेटे (या आडनावापाशी मराठी वाचक क्षणभर थांबतोच), मेलिसा बाँडी, लंडनचे रिचर्ड हौलस्टन आणि त्यांचे सहकारी यांनी ग्लिओमाचे हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं यांची अक्षरं समोरासमोर ठेवून ताडून पाहिली. ग्लिओमा म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची गाठ. रुग्णांत जास्त वेळा दिसणाऱ्या पाच जागा हाती लागल्या, त्यातली एक या माळावरची. पण तेव्हाच्या डीएनए-चिपवर सर्रास आढळणारीच अक्षरं तपासली जात. आपला जी तसा कमी आढळणारा. यादीत त्याचं नाव नव्हतं. सापडलं ते त्याच्या शेजारचं अक्षर, आणि त्याच्यामुळे धोका वाढलेला दिसत होता तो अगदी थोडा. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकतंय, एवढंच कळलं.

त्या खोकल्याकडे मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट जेन्किन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्गारेट रेन्श यांच्या गटांनी दुर्लक्ष केलं नाही. त्यांनी तो पट्टा रुग्णांच्या डीएनएतून सलग वाचायला घेतला, आणि २०१२ साली भिंतीपलीकडचा इसम नंबरासकट जाहीर झाला. शेजाऱ्यामुळे धोका थोडासा वाढलेला दिसत होता. खुद्द जीमुळे तो सुमारे सहापट होता.

पण सगळ्या गाठींचा नव्हे. या जीचा स्वभाव चोखंदळ आहे. मोठ्या माणसांच्या मेंदूतला सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात क्रूर कर्करोग म्हणजे ग्लिओब्लास्टोमा, तो आयडीएच नावाचं जनुक शाबूत असलेल्या पेशींतून उठतो. त्याच्या दारात हा जी फारसा दिसत नाही. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा आणि आयडीएच बिघडलेला ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे तिशी-चाळिशीत येणाऱ्या, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणाऱ्या गाठी, तिथेच याचं येणं-जाणं. युरोपीय वंशाच्या साध्या लोकांत शंभरातल्या आठ-दहा जणांकडे हा जी असतो. या गाठी झालेल्यांत तो शंभरातल्या चाळीसच्या आसपास लोकांकडे निघतो.

इथवर सगळं हजेरीपुस्तक झालं. कोण कुठे किती वेळा दिसला, हे कळलं. तो तिथे करतो काय, हे कळलं नव्हतं. त्याला आणखी दहा वर्षं लागली. २०२२ साली टोरांटोतल्या लुनेनफेल्ड-टॅनेनबॉम संस्थेतले डॅनिएल श्रामेक आणि मेयोचे तेच जेन्किन्स यांच्या गटांनी त्याची करणी उलगडली.

ती मी काकूंना सांगायला बसलो तेव्हा माझ्याकडे शब्दच नव्हते. एन्हान्सर, प्रमोटर, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, यातलं काहीही त्यांच्यापुढे ठेवणं म्हणजे जेवायला बसवून ताटात पाटी ठेवण्यासारखं. शेवटी नीरा उजव्या कालव्यानं हात दिला. फलटणच्या बाईला पाट शिकवावा लागत नाही.

म्हटलं, काकू, तुमचा ऊस माळाच्या एका टोकाला आहे आणि दारं दुसऱ्या टोकाला. ऊस म्हणजे मिक नावाचं एक जनुक. त्याचं नाव कोंबड्यांच्या एका विषाणूवरून पडलं, पण काम सगळ्या प्राण्यांत एकच: पेशीला वाढ म्हणणं, फूट म्हणणं. पोटातल्या बाळाला ते भरपूर लागतं. मोठेपणी मेंदूत त्याचं काम जेमतेम. पाणी पाळीपाळीनं, मोजून द्यायचं. पाणी द्यायचं की तोडायचं, हे ठरवणारी दारं या माळावर आहेत. ऊस आणि आपलं अक्षर यांच्यात सुमारे एकोणीस लाख अक्षरांचं अंतर.

"एवढ्या लांबनं पाणी पोचतं कसं?" काकूंनी विचारलं. बरोबर विचारलं. मलाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की माळ सपाट नाहीच. डीएनएचा धागा उलगडला तर दोन मीटर भरेल, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या केंद्रकात कोंबलेला असतो. लुगडं पेटीत घडी घालून ठेवलं की पदर आणि काठ कुठेही एकमेकांना लागतात, तसं माळाचं हे टोक वळून उसाच्या बांधाला जाऊन टेकतं. टेकलं की पाणी.

आता दारं धरणारा. ऑक्ट नावाच्या प्रथिनांचं एक घराणं आहे. आठ अक्षरांचा एक ठराविक शब्द दिसला की ती त्यावर जाऊन बसतात. नावातला ऑक्ट त्या आठाचाच. आपल्या अक्षराच्या जागी ए असला की ऑक्ट घराण्यातल्या दोघांना, ऑक्ट-२ आणि ऑक्ट-४ यांना, तिथे बूड टेकायला जागा मिळते. ते बसले की दारं दाबून धरलेलं राहतं. ए जाऊन जी आला की शब्द बिघडतो, त्यांचं बूड ठरत नाही, दाब सुटतो. मग माळाचं टोक उसाला जरा जास्त वेळा टेकतं आणि मिकला जरा जास्त पाणी जातं. हे होतं ते मेंदूतच, कारण हे दारं मेंदूच्याच पाटावरचं आहे. त्याच माणसाच्या यकृतात, कातड्यात तोच जी असतो आणि तिथे हातावर हात ठेवून बसतो.

याच पट्ट्यात आणखीही काही अक्षरं आहेत, प्रोस्टेटच्या, आतड्याच्या, स्तनाच्या कर्करोगाशी नाव जोडलेली. त्यांची दारं वेगळी, पाट वेगळे. पण काही दारांचं तोंड वळतं ते याच मिकच्या दिशेला. उजाड दिसणाऱ्या या रानाचा भाव असा उसामुळे वाढलेला आहे.

मी म्हटलं, म्हणजे दारं फुटत नाही काकू, बोटभर उघडं राहतं.

काकूंनी मान हलवली. "उघडं ऱ्हायलं तर दिसतं की. बंद करता येतं. हे तसं न्हाई. पाटाला खेकड्यानं भोक पाडलं की असं झिरपतं. वरनं बघाल तर दारं बंद."

माझी उपमा त्यांनी दुरुस्त केली होती, आणि ती माझ्यापेक्षा बरोबर होती. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडाच, हे मी त्या वेळी बोललो नाही.

झिरपून एकट्यानं मात्र काही होत नाही, आणि जीवर लिहिताना हे ठासून सांगायला हवं. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' करत ती लांबवतात. आपला जी जात्या झीलकरी आहे. शाहीर वेगळा, आणि त्याचं नाव रिपोर्टात लिहिलेलं होतं: आयडीएच. हे साखर जाळण्याच्या रोजच्या कामातलं एक विकर. २००८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांना मेंदूच्या गाठींत त्याच्या जनुकात एक बदल पुन्हा पुन्हा दिसला. बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, १३२व्या कडीवर. तिथे आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन बसतं. बिघडलेलं विकर नेहमीचं काम सोडून टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ करत सुटतं, आणि तो साचला की पेशीला आपण कोण, काय व्हायचं होतं, याचा विसर पडतो. हा बदल आईबापांकडून येत नाही. तो मेंदूतल्या कुठल्यातरी एका पेशीत होतो. घराण्याचा त्यात हात नाही.

शाहिरानं ओळ टाकली की मग झीलकऱ्याचा आवाज लागतो. श्रामेक यांच्या गटानं हे उंदरांत दाखवलं. उंदराच्या डीएनएतही या जागेचं भावंड आहे. बिघडलेल्या आयडीएचवर वाढवलेल्या उंदरांना गाठ यायला ४७२ दिवस लागत आणि १०० पैकी ३० उंदरांनाच ती येई. त्याच उंदरांत माळावरची ही जागाही बिघडवली, तर गाठ १७२ दिवसांत आली आणि ७५ जणांना आली. उंदराच्या दोन-अडीच वर्षांच्या आयुष्यात तीनशे दिवस म्हणजे किती, याचा हिशोब केला की या निरुद्योगी अक्षराबद्दलचं मत बदलतं.

आता सहापट. हा शब्द मला आवडत नाही. तो खोटा नाही, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसला की खोट्यासारखा वागतो. अमेरिकेच्या आकड्यांप्रमाणे आख्ख्या आयुष्यात मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. आपला जी ज्या गाठींशी जोडलेला आहे, त्या या छोट्या रकमेतला छोटा हिस्सा. त्याची सहापट केली तरी चिल्लरच राहते. जी घेऊन जन्मलेली बहुतेक माणसं म्हातारी होऊन हृदयानं, मधुमेहानं, अपघातानं जातात, आणि जी त्यांच्याबरोबर काही न करता जातो. आकड्याला पायाही एका विशिष्ट जमिनीचा आहे: हे संशोधन मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांवर झालेलं. सातारा जिल्ह्यातल्या घराण्याला तो जसाच्या तसा चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

खरोखर धास्ती घ्यावी असे नातेवाईक वेगळे आहेत. टीपी-५३ बिघडून येणारा ली-फ्राउमेनी विकार, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, डीएनएतल्या नकलेच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा वारशानं आलेला बिघाड. ही मंडळी दांडगी. घरात शिरली की पिढीगणिक खूण सोडतात: कुणाला तरुणपणी स्तनाचा कर्करोग, कुणाला हाडाचा, कुणाला मेंदूचा, कुणाला आतड्याचा. त्यांना जनुकांची तपासणी लागते, सल्लागार लागतो, घरातल्या बाकीच्यांना ठराविक वेळी तपासावं लागतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा घराण्यांसाठी कर्करोगाच्या आनुवंशिकतेचं वेगळं क्लिनिक आहे. ज्यांच्या घरात असा ठसा दिसतो त्यांनी तिथे किंवा तशा ठिकाणी जावं, आणि लाजू नये. पण मेंदूच्या गाठी झालेल्या शंभर रुग्णांत असे वारसदार मोजकेच निघतात. बाकीच्यांच्या घरात फार तर माळावरच्या जीसारखी मुकी अक्षरं निघतील. पंचवीसेक जागा अशा आता माहीत आहेत, आणि बहुतेकींचा जोर आपल्या जीच्या पासंगालाही पुरत नाही.

जीचा काही उपयोगही करता येईल का, हे लोक शोधत आहेत. एमआरआयमध्ये मेंदूच्या अडचणीच्या जागी एक डाग दिसतो, तिथे सुई घालणं धोक्याचं. अशा वेळी रक्तातून या अक्षराची चौकशी केली तर डाग कुठल्या जातीचा याचा अंदाज बांधायला मदत होईल, अशी आशा २०१२ पासून बोलली जाते. औषध मात्र झीलकऱ्यावर निघालेलं नाही. ते शाहिरावर निघालं: बिघडलेल्या आयडीएचचं तोंड बंद करणारी व्होरासिडेनिब नावाची गोळी, २०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

हे सगळं ऐकून काकूंनी तोच प्रश्न फिरवून विचारला. "मग ते भोक कुणाकडनं आलं? माझ्याकडनं का ह्यांच्याकडनं?"

मी सांगितलं की असलं तर दोघांपैकी कुणाकडूनही. मित्राच्या पोरीकडे जायचं तर तिथेही छापा-काटाच. आणि नसेलही. चाळीसजणांत तो निघतो म्हणजे साठजणांत निघत नाही, आणि तेही तिकडच्या देशांत. शिवाय खेकड्यानं भोक पाडलेले कितीतरी पाट जन्मभर शेतं भिजवत राहतात, बिघडलेलं आयडीएच त्यांच्या वाटेला येतच नाही.

"म्हंजे आमच्यापैकी कुणी केलं न्हाई."

नाही, म्हटलं. कुणी केलं नाही.

काकू उठल्या, देवापुढचं निरांजन सारखं केलं, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत न्हवं?" बारा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यावरचा आळ असा मागे घेतला गेला.

पोरीची तपासणी करायची का, असं मित्रानं डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी गरज नाही म्हणून सांगितलं. ती पाचवीत आहे आणि तिला यातलं अजून काही माहीत नाही. मित्राच्या आठव्या गुणसूत्रावर त्या जागी कुठलं अक्षर आहे, हेही कुणी तपासलेलं नाही. त्यानं उपचार बदलणार नव्हते. आकडीच्या गोळ्या चालू आहेत. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.